जलविभाजक, सह्याद्रीचा

जलविभाजक म्हणजे शेजारशेजारच्या नद्यांची खोरी एकमेकांपासून अलग करणारी उंच भूभागाची रेषा. दख्खनच्या पठारावर पडणारे पाणी अरबी समुद्राला मिळणार की बंगालच्या उपसागराला, हे मुख्यतः सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ठरते. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून सु. ८० किमी. अंतरावर उगम पावते आणि सु. १,४६५ किमी. पूर्वेकडे वाहत जाते. महाबळेश्वरच्या पठारावरून कृष्णा पूर्वेकडे निघते, तर सावित्री कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते.

माथा आणि दोन समुद्रांमधील विभाजक सर्वत्र एकच आहेत, असे मात्र नाही. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात विभाजक सह्याद्री सोडून सातमाळा-अजिंठा रांगेने पूर्वेकडे वळतो. कारण गिरणा सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहत निघाली, तरी तापीमार्गे अरबी समुद्रालाच जाते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) हेही मुख्य विभाजकावर नसून दारणा व प्रवरा या गोदावरीच्याच दोन उपनद्यांमधील आडव्या रांगेवर आहे. हरिश्चंद्र-बालाघाट (गोदावरी–भीमा) आणि शंभू महादेव (भीमा–कृष्णा) हे इतर प्रमुख उपविभाजक होत.

उत्पत्ती : याविषयी एकमत नाही. दख्खनचे लाव्हाथर सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास साचले; विभाजक त्यानंतरचा, पण नेमका किती नंतरचा, हे सांगणे कठीण आहे. जुन्या मतानुसार पश्चिम किनाऱ्यालगत मोठा विभंग (खडक सरकवणारी भेग) होऊन पश्चिमेकडील भूभाग खचला आणि त्यातून निर्माण झालेला कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आजच्या जागी आला. माथेरान, प्रबळगड, माहुली हे कोकणातील सुटे डोंगर या मताला बळ देतात. त्यांतील थर बरेचसे आडवे आहेत आणि पठाराशी जुळतात, म्हणजे पठार एके काळी तेथवर होते. याउलट मुंबई-पनवेल पट्ट्यात थर पश्चिमेकडे कलतात. भूवैज्ञानिक ऑडन यांनी १९४९ मध्ये चर्चिलेली ही ‘पनवेल वळी’ विभंगापेक्षा भूकवचाचे वाकणे सुचवते. ऑलिअर व पोवार यांनी १९८५ मध्ये पूर्ववाहिनी नद्यांची रचना घाटापेक्षा जुनी मानली. कॉक्स यांनी १९८९ मध्ये तिचा संबंध लाव्हापूर्व घुमटाकार उत्थानाशी जोडला. घाटाचा कडा बेसाल्टच्या (लाव्हापासून बनलेल्या खडकाच्या) सीमेवर न थांबता दक्षिणेकडे प्राचीन स्फटिकी खडकांतही तसाच चालू राहतो, हा मुद्दा केवळ लाव्हाथरांच्या आधारे दिलेल्या स्पष्टीकरणांना अडचणीचा ठरतो. किनाऱ्याजवळ वाकणे व खचणे, पठाराचे सावकाश उत्थान आणि कड्याची माघार यांचा एकत्रित विचार करणारे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

स्थलांतर : विभाजक स्थिर नसतो. कोकणातील ओढे काही किलोमीटरांतच शेकडो मीटर उतरतात. त्यांचे शीर्षक्षरण (उगमाकडे मागे सरकत होणारी झीज) जोरदार असते. पूर्वेकडील नद्यांचा उतार मंद असल्याने रेषा हळूहळू पूर्वेकडे सरकते. या क्रियेत पश्चिमेकडील प्रवाह कधी पूर्वेकडील नदीचा वरचा भाग आपल्याकडे ओढून घेतो, यास नदीचौर्य म्हणतात. लोणावळ्याजवळ इंद्रायणीचे खोरे आजच्या प्रवाहाच्या मानाने फार रुंद असून कड्यापाशी एकाएकी तुटते. त्याचा वरचा भाग कड्याच्या माघारीत नाहीसा झाला असावा. कोयना माथ्याला समांतर दक्षिणेकडे जाऊन हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते. यामागे खडकांतील तडे की चौर्य, याबद्दल मतभेद आहेत.

महत्त्व : पाऊस माथ्यालगत एकवटतो. महाबळेश्वरला वर्षाला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर तीसेक किमी.वरील वाईला ८०० मिमी.हूनही कमी. कृष्णा, भीमा व गोदावरी यांच्या महाराष्ट्रातील वरच्या खोऱ्यांचे पाणी त्यामुळे विभाजकालगतच्या अरुंद पट्टीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. भंडारदरा, पानशेत, मुळशी, कोयना ही धरणे याच पट्टीत आहेत. या पट्टीतील झाडोरा व माती टिकली नाही, तर धरणांत गाळ येतो आणि उन्हाळ्यातील झरे आटतात. पाणलोटाची कामे माथ्याकडून पायथ्याकडे करतात ती यासाठीच.

विभाजक ओलांडून पाणी वळवण्याची मोठी कामे वीजनिर्मितीसाठी सुरू झाली. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील टाटांच्या केंद्रांतून भीमा खोऱ्याचे पाणी अनुक्रमे पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका यांत उतरू लागले. भिऱ्यासाठीच्या मुळशी धरणात जमिनी जाणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. पुढे कोयनेचे पाणी पोफळीमार्गे वाशिष्ठीत सोडण्यात आले. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ टीएमसी ही मर्यादा घातली (१ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सु. २.८३ कोटी घनमीटर).

उलट दिशेने, कोकणाकडील पाणी पठारावर आणण्याच्या योजनाही पुढे आल्या आहेत. त्यांपैकी नार-पार-गिरणा योजनेत पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गिरणेत म्हणजे तापीच्या खोऱ्यात यावयाचे आहे. त्यात सह्याद्रीचा माथा ओलांडला जातो, परंतु दोन समुद्रांमधील विभाजक ओलांडला जात नाही.