वारेतील पेशी : घडण आणि विशेषीकरण

वार हा गर्भारपणापुरता टिकणारा, गर्भाला गर्भाशयाशी जोडणारा अवयव. वैद्यकीय मराठीत व संस्कृतात यास अपरा म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत बाईची ती वार आणि गाई-म्हशीची ती जार. ‘नाळ’ हा शब्द मात्र कधी दोरीसारख्या नाळेसाठी, तर कधी सगळ्या वारेसाठी वापरला जातो, त्यामुळे जुनी माहिती वाचताना घोटाळा होतो. बाळंतपणे घरी होत तेव्हा सुईण वार परसात खड्डा करून पुरत असे. आता ती दवाखान्यातून पिवळ्या पिशवीत जाते. पूर्ण दिवसांची वार सुमारे ५०० ग्रॅम वजनाची आणि १५ ते २० सेंमी. व्यासाची असते. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत असते. आईकडची बाजू गडद लाल असून तिच्यावर १५–२० खंड दिसतात. नर्सबाई ट्रेमध्ये वार पालथी करून हे खंड बोटांनी जुळवून पाहतात. एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही.

वार कोणाची, आईची की बाळाची, हा वाद फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत असे मत आहे की गर्भधारणेनंतर अडलेले आर्तव (पाळीचे रक्त) वर जाऊन साचते व त्याची अपरा होते. म्हणजे वार आईच्या रक्ताची. चरकसंहितेचा भर उत्पत्तीपेक्षा जोडणीवर आहे : नाभीला नाडी, नाडीला अपरा आणि अपरा आईच्या हृदयाशी. दोन्ही संहितांचे आजचे पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिरावले असावेत. त्यांतील मूळ भाग त्याहून जुना मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. नाडी पुरती घडण्याआधी गर्भ उपस्नेहाने, म्हणजे पाझराने पोसला जातो असेही चरकसंहिता म्हणते. त्याचा संबंध पहिल्या तिमाहीतील ग्रंथिस्रावी पोषणाशी, म्हणजे गर्भाशयाच्या ग्रंथींच्या पाझराशी (पुढे पाहा), लावण्याचा मोह होतो. साम्य लक्षवेधक असले, तरी ते मागाहून जुळवलेले वाटते.

युरोपात १७५४ मध्ये लंडनमधील हंटर बंधूंनी गर्भार असताना दगावलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या वाहिन्यांत रंगीत मेण भरून आईचे व गर्भाचे रक्त वेगवेगळ्या वाटांनी फिरते असे दाखवले. श्रेय कोणाचे यावरून १७८० मध्ये दोघा भावांत फाटले, तो भाग निराळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखाली वारेच्या अंकुरांवर, म्हणजे तिच्या बोटांसारख्या बारीक फांद्यांवर, दोन थर दिसले. आतला थर स्वतंत्र पेशींचा, त्यांना थिओडोर लांगहान्सच्या नावावरून लांगहान्स पेशी म्हणू लागले. बाहेरच्या थरात केंद्रके असंख्य, पण पेशींच्या भिंती कुठेच नाहीत. हा भिंत नसलेला थर, म्हणजे सिन्सिशियम, आला कुठून? गर्भाशयाच्या अस्तरातून, असे एक मत. आईच्या रक्तवाहिन्यांच्या आवरणातून, असे दुसरे. गर्भाच्याच बाह्य थरातून, असे तिसरे. डच प्राणिशास्त्रज्ञ हुब्रेख्ट याने १८८९ मध्ये साळिंदरासारख्या दिसणाऱ्या, पण त्याहून लहान अशा हेजहॉग प्राण्याच्या अभ्यासातून तिसऱ्या मताला बळ दिले आणि त्या थराला ‘ट्रोफोब्लास्ट’ हे नाव रूढ केले. निर्णायक पुरावा मात्र १९६० च्या दशकात मिळाला. किरणोत्सारी थायमिडीन (विभागणाऱ्या पेशी नवे डीएनए बनवताना उचलतात तो घटक) दिल्यावर आधी फक्त लांगहान्स पेशींच्या केंद्रकांत खूण उमटली. काही काळाने तीच खूण सिन्सिशियमच्या केंद्रकांत दिसू लागली. म्हणजे आतल्या पेशी विभागतात आणि बाहेरच्या थरात जाऊन मिसळतात. बाहेरचा थर स्वतः विभागत नाही. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य धरले आहे. वारेचा मोठा भाग बाळाचा, आईचा वाटा अस्तराचा आणि त्या अस्तरातल्या रक्तवाहिन्यांचा.

फलनानंतर पाचव्या दिवशी गर्भाची पोकळ गोळी बनते. तिच्या बाहेरच्या पेशी ट्रोफोब्लास्ट होतात, आतल्या पुंजक्याचे बाळ होते. ही पहिलीच वाटणी. उंदरात टीईएडी४ आणि सीडीएक्स२ ही जनुके तिच्यासाठी महत्त्वाची ठरली आहेत. माणसात क्रम थोडा वेगळा असावा. सहाव्या-सातव्या दिवशी गोळी अस्तराला चिकटते आणि पेशींच्या मिसळण्याला सुरुवात होते. या मिसळण्यामागचे प्रथिन, सिन्सिटिन, २००० मध्ये ओळखले गेले. त्याचे जनुक मुळात एका रेट्रोव्हायरसचे, सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वी तो आपल्या पूर्वज वानरांच्या जनुकसंचात शिरला आणि त्याचे पेशी चिकटवण्याचे कसब वारेने आपलेसे केले. उंदरांनी असेच प्रथिन दुसऱ्या विषाणूकडून स्वतंत्रपणे घेतले आहे.

सिन्सिशियमचे पहिले मोठे काम एचसीजी हे संप्रेरक स्रवणे. आशाताई देतात त्या निश्चय या गर्भचाचणी किटवर उमटणारी दुसरी रेघ याच थराची. बाळाचे हृदय नीट धडधडू लागण्याआधीच ती दिसू शकते.

ट्रोफोब्लास्टची दुसरी वाट घुसखोरीची. अंकुरांच्या टोकांशी पेशींचे खांब तयार होतात. त्यांच्या तळाशी पेशी विभागतात, आणि टोकाकडे सरकताना विभागणे सोडून चालू लागतात. चालताना त्या पकड बदलतात : आधीची इंटिग्रिन प्रथिने टाकून दुसरी धारण करतात. एचएलए-जी हे वेगळेच ओळखपत्र दाखवत असल्याने आईची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके समजून मारत नाही. अशा पेशी अस्तर पार करून गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोहोचतात. काही पेशी गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्यांत शिरून त्यांच्या भिंतीतला स्नायू घालवतात. अरुंद, आकसणारी नळी मग पसरट, सैल होते. हा बदल ब्रोसेन्स, रॉबर्टसन व डिक्सन यांनी १९६७ मध्ये वर्णिला. पहिले सुमारे १० आठवडे याच पेशींची बुचे रोहिण्यांच्या तोंडाशी बसलेली असतात. तोवर गर्भ कमी ऑक्सिजनमध्ये, गर्भाशयाच्या ग्रंथींच्या पाझरावर वाढतो. बुचे सुटली की आईचे रक्त अंकुरांभोवती खेळू लागते.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात अंकुर फुटत जातात, टोकाचे अंकुर बारीक होतात आणि आई-बाळाच्या रक्तातला पडदा काही ठिकाणी २ ते ४ मायक्रोमीटर इतका विरळ होतो.

घुसखोरी अपुरी राहिली, रोहिण्या अरुंदच राहिल्या, की आईचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात, प्रसंगी झटके येतात. हा आजार म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया. झटक्यांनी दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी सापडल्याचे जर्मन विकृतितज्ज्ञ गेओर्ग श्मोर्लने १८९३ मध्येच नोंदवले होते. दोष पेशींचा की आईच्या हृदय-रक्तवाहिन्यांचा, यावर अजून एकमत नाही. लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात वारेचा वाटा मोठा असावा. उलट, सिझेरियनच्या जुन्या व्रणावर अस्तर नसल्याने पेशी मर्यादेपलीकडे शिरतात व वार सुटत नाही.

विदर्भाच्या संदर्भात दोन गोष्टी वेगळ्या नोंदवायला हव्यात. गडचिरोलीत फॅल्सिपेरम मलेरिया आढळतो. हा परजीवी लागण झालेल्या रक्तपेशींवर व्हीएआर२सीएसए हे प्रथिन मांडतो आणि सिन्सिशियमवरील कॉन्ड्रॉइटिन सल्फेटला चिकटून अंकुरांमध्ये दडून बसतो. बोटाच्या रक्ततपासणीत तो कमी दिसू शकतो. पहिलटकरणीला धोका जास्त, कारण या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आधीच्या गर्भारपणातूनच तयार होतात. दुसरी गोष्ट सिकल सेलची. पूर्व विदर्भात हा आजार बराच आढळतो. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी अंकुरांभोवतीच्या संथ रक्तात अडकून वारेचे तुकडे मृत होतात आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. खर्ऱ्यातील (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणातील) निकोटिनही हा पडदा सहज ओलांडते.

गाईची जार याहून अगदी वेगळी. तिचा ट्रोफोब्लास्ट आईच्या रक्तापर्यंत पोहोचतच नाही. ७० ते १२० बटणांसारख्या गाठींवर तो नुसता बसतो. त्यातील दोन केंद्रकांच्या पेशी शेजारच्या मातृपेशीशी मिसळून तीन केंद्रकांच्या पेशी बनवतात. मिसळण्याची रीत तीच, पण ती एवढ्यावरच थांबते. गाय व्याल्यावर जार लवकर पडावी म्हणून बांबूचा पाला चारण्याची पद्धत आहे. १२ तास उलटूनही ती न पडल्यास पशुवैद्याला बोलावतात. माणसात सिन्सिशियम आईची प्रतिपिंडे उचलून बाळाच्या रक्तात पोहोचवतो. गाईच्या जारेत ही सोय नाही, म्हणून वासराला पहिल्या काही तासांतच चीक पाजावा लागतो.