अर्ध्या तासात गुण देणाऱ्या गोळीपासूनच जरा जपून

एन्झायटीच्या गोळ्यांबद्दल बऱ्याच जणांचं गणित उलटं असतं. घेतली की अर्ध्या-एक तासात छातीतली धडधड थांबवते ती गोळी भारी, आणि पंधरा दिवस घेऊनही फरक पडत नाही ती फालतू. डॉक्टर मात्र रोज घ्यायला नेमकी ती 'फालतू'वालीच देतात, मग पेशंट वैतागतो आणि आठवड्याभरात सोडून मोकळा होतो.

ही रोजची गोळी बहुतेक वेळा एसएसआरआय प्रकारातली असते, एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटीन वगैरे. औषधं मूळची डिप्रेशनची, त्यामुळे नाव गूगल केलं की "अरे पण मला डिप्रेशन कुठंय?" असं होतं, पण एन्झायटीतही आज पहिली पसंती यांनाच आहे. मेंदूच्या पेशींमधल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर यांचा परिणाम काही तासांतच सुरू होतो, पण मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो असं मानतात, म्हणून खरा फरक जाणवायला साधारण 2 ते 6 आठवडे जातात. आणि वर वैताग असा की पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकेदुखी, कधी कधी तर अस्वस्थपणा उलट वाढतो! म्हणूनच सुरुवात कमी डोसने करतात. हे आधी कुणी नीट सांगितलं तर निम्मे लोक गोळी सोडणार नाहीत असं मला तरी वाटतं. मुलं आणि 25 च्या आतल्या तरुणांमध्ये सुरुवातीला किंवा डोस बदलताना जीव नकोसा होण्याचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत मुलांसाठी 2004 पासून आणि या तरुणांसाठी 2007 पासून तशी ठळक वॉर्निंग या औषधांवर आहे, त्यामुळे त्या दिवसांत घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि तसं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

आता ती भारी गोळी. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, ही सगळी बेन्झोडायझेपिन्स, थोडक्यात बेन्झो. यातलं पहिलं औषध 1960 साली बाजारात आलं, डायझेपाम 1963 मध्ये. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि या गोळ्या तो ब्रेक आणखी जोरात दाबतात, म्हणून लगेच शांत वाटतं. प्रॉब्लेम असा की रोज घेत राहिलं की मेंदू सरावतो, काही आठवड्यांतसुद्धा. सकाळी घेतलेल्या अल्प्राझोलमचा असर दुपारपर्यंत ओसरतो, मग हात थरथरतात, घाम येतो, जीव घाबराघुबरा होतो, आणि माणसाला वाटतं आजार वाढला, म्हणून तो आणखी अर्धी घेतो. खरं तर तो आजार नसतोच, औषध उतरत असतं. पण दोन्ही दिसतात इतके सारखे की स्वतःचं स्वतःला कळणं कठीण.

दारूबरोबर बेन्झो अजिबात नाही. ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या गोळीबरोबर किंवा कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधाबरोबरही नाही, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. ट्रामाडॉलचं तर एसएसआरआयशीही जमत नाही, त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, अगदी दातांच्या डॉक्टरलाही. वयस्कर लोकांमध्ये बेन्झोमुळे तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं. गाडी चालवण्याबद्दल वेगळं सांगायला नकोच.

प्रोप्रॅनोलॉल हा वेगळाच प्रकार, ती बीपी-हार्टची गोळी. स्टेजवर जायच्या आधीची धडधड आणि थरथर कमी करते, डोक्यातली काळजी नाही. दमा असेल तर मित्राच्या पाकिटातली ही गोळी घेणं म्हणजे स्वतःहून दम्याचा अटॅक ओढवून घेणं.

बंद करताना तर सगळ्यात जास्त गडबड होते. बरं वाटायला लागलं की सोडली, असं नाही चालत, एसएसआरआय बरं वाटल्यावरही साधारण 6 ते 12 महिने चालू ठेवतात. अचानक थांबवली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, पॅरॉक्सेटीनमध्ये हे जास्त, फ्लुऑक्सेटीनमध्ये कमी कारण ते शरीरातून सावकाश जातं. बेन्झो एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. त्यामुळे डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा, तोही डॉक्टरांना विचारूनच, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात सावकाश, कारण कमी डोसवर आल्यावर थोडीशी कपातही मेंदूला मोठी लागते, मग अर्धी गोळी तोडून भागत नाही, कमी ताकदीची गोळी किंवा पातळ औषध लिहून घ्यावं लागतं.