खंजिरी भजन मंडळ

खंजिरी भजन मंडळ म्हणजे विदर्भातील खेड्यांत शेतकरी, शेतमजूर, कारागीर आणि शिक्षक यांनी हौसेने व भक्तिभावाने चालविलेला गायन-वादनाचा समूह. संगीतावर पोट असणारी माणसे त्यात सहसा नसतात. या प्रकाराला आजचे रूप राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909–1968) यांच्यामुळे आले. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजींनी स्वतः रचलेली मराठी व हिंदी भजने खंजिरीच्या साथीने गावोगावी गायिली, 1935 मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला, आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई व भजन यांची सांगड घातली. त्यांच्या भजनांतून होणारी जागृती इंग्रज सरकारला खुपली आणि 1942 मध्ये त्यांना अटक झाली.

खंजिरी हे लाकडी कड्यावर एका बाजूने कातडे मढविलेले, कडेला झांजा बसविलेले लहान चर्मवाद्य आहे. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आली. पावसाळी हवेत कातडे सैल पडून नाद बसतो, म्हणून भजनापूर्वी ते शेकून घेतात. खंजिरीबरोबर पेटी (हार्मोनियम), तबला किंवा ढोलक आणि टाळ असतात.

श्रोत्यांचे लक्ष मुख्य गायकाकडे असते, पण मंडळ टिकते ते इतरांवर. पेटीमास्तर हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा माणूस मानावा लागेल. कोणाचा आवाज पेटीच्या काळी दोन या पट्टीत खुलतो आणि कोणाचा काळी चारमध्ये, हे त्याला ठाऊक असते. स्वरलिपी न शिकलेल्या गायकांना तो चाल कानावरूनच बसवून देतो, आणि त्याने गाव सोडले की चांगले चाललेले मंडळही विस्कळीत होते. ध्रुवपद उचलून धरणाऱ्यांना झीलकरी म्हणतात. नवशिका प्रथम टाळ घेऊन त्यांच्यात बसतो आणि लय अंगात मुरल्यावरच खंजिरीला हात लावतो. भजनांची वही जपणारा, वाद्ये घरी सांभाळणारा, वर्गणी गोळा करणारा, सरावासाठी दारोदार हाका मारणारा यांची नावे कार्यक्रमात पुकारली जात नाहीत. मंडळाचा इतिहास लिहायचा झाल्यास मात्र तो त्यांच्यापासूनच सुरू करावा लागेल.

सराव रात्री, जेवणानंतर, मंदिरात किंवा समाजमंदिरात होतो. पेरणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीच्या किंवा धान कापणीच्या हंगामात उपस्थिती घटते, कारण दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाला रात्री मांडी घालून बसवत नाही. आश्विनात मोझरीला भरणारा पुण्यतिथी महोत्सव, गणेशोत्सव, गावोगावच्या भजन स्पर्धा आणि तुकडोजींच्या ग्रामगीता या ग्रंथाचे वाचन हे गाण्याचे प्रमुख प्रसंग. गावात कोणी वारले तर हीच माणसे अंत्ययात्रेत भजन म्हणत चालतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

महिला भजन मंडळेही आता अनेक गावांत आहेत. बायकांच्या आवाजाची पट्टी पुरुषांहून वेगळी असल्याने ऐकीव चाली त्यांना नव्या स्वरात बसवून घ्याव्या लागतात, आणि पेटी-तबल्यासाठी पुरुष साथीदाराच्या सवडीवर अवलंबून राहावे लागते. जिथे एखादी बाई स्वतः पेटी शिकली, तिथे सरावाची वेळ घरकाम आणि शेतकाम पाहून बायकाच ठरवितात.