सीएनसी यंत्राची सर्व्हो मोटर व ड्राइव्ह बदलणे (कोकण किनारपट्टी)

सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) लेथ किंवा मिलिंग यंत्राचा एखादा अक्ष, म्हणजे टूल किंवा काम सरकण्याची एक दिशा, चालवणारी मोटर, किंवा तिला वीज देणारा ड्राइव्ह, निकामी झाल्यावर त्या जागी योग्य पर्याय निवडून बसवण्याचे काम. मोटर आणि ड्राइव्ह यांचा विचार जोडीनेच करावा लागतो. मोटरच्या मागच्या बाजूचा एन्कोडर रोटर कुठे आहे हे सतत कळवत राहतो आणि ड्राइव्ह त्यावरून प्रवाह ठरवतो. एन्कोडरचे संकेत ड्राइव्हला वाचता येत नसतील, तर नेमप्लेटवरचे सगळे आकडे जुळूनही अक्ष चालत नाही.

लोटे परशुराम, मिरजोळे, कुडाळ अशा औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपमध्ये निवडीच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: जुना भाग गेला कशाने? समुद्रावरून येणाऱ्या हवेतले मीठ पंख्यावाटे पॅनेलमध्ये शिरते आणि ड्राइव्हच्या कार्डावर बसते. मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे जवळजवळच्या टोकांमधून वीज झिरपू लागते. पावसाळ्यात रात्रभर बंद राहिलेल्या गार पॅनेलमध्ये सकाळची दमट हवा शिरली की आत दव जमते, आणि तशातच मेन स्विच चालू केला जातो. कारण तसेच ठेवून बसवलेला नवा ड्राइव्हही त्याच वाटेने जातो. म्हणून इथे कार्डावर संरक्षक लेप असलेला ड्राइव्ह आणि किमान आयपी ६५ दर्जाची (धूळ व पाण्याचा फवारा आत न शिरू देणारी), शाफ्टला ऑइल सील असलेली मोटर घ्यावी. पॅनेलची रबरी पट्टी बदलावी आणि बंद पॅनेलला वातानुकूलक जोडावा. उकडते म्हणून पॅनेलचे दार उघडे ठेवण्याची सवय मोडलीच पाहिजे.

पुराची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या मोटरची वाइंडिंग (तारेची वेटोळी) धुऊन, भट्टीत सुकवून कधी कधी वाचते. ड्राइव्हपासून केबल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) वाइंडिंग तपासता येते. एन्कोडरवर मात्र मेगर कधीच लावू नये, आणि त्यात गाळ गेला असेल तर तो वाचवण्याचा हट्टही धरू नये. रिवाइंडिंगनंतर (तार नव्याने गुंडाळल्यावर) एन्कोडर आणि रोटरचे चुंबक यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. ते जमणारा कारागीर नसेल, तर नवी मोटर परवडते.

कंट्रोलर (यंत्र चालवणारा संगणक) ड्राइव्हला आदेश कसा देतो, यावर पर्याय किती हे ठरते. अनेक जुन्या कंट्रोलरचा आदेश उणे १० ते अधिक १० व्होल्टचा असतो. तिथे दुसऱ्या कंपनीची जोडी बसवता येते. फॅनक या जपानी कंपनीच्या, प्रकाशतंतूतून आदेश देणाऱ्या कंट्रोलरला मात्र त्याच कुळातला ड्राइव्ह लागतो.

पुढचा हिशेब सोपा आहे. बॉलस्क्रूचा (मोटरच्या फिरण्याने अक्ष सरकवणाऱ्या आट्याच्या दांड्याचा) लीड, म्हणजे एका फेऱ्यात अक्ष सरकतो ते अंतर, १० मिमी आणि हवी असलेली गती मिनिटाला २० मीटर असेल, तर मोटरला मिनिटाला २,००० फेरे लागतात. एन्कोडर फेऱ्याला १०,००० स्पंद देत असेल, तर एक स्पंद म्हणजे एक मायक्रॉन. टॉर्क (फिरवण्याचा जोर) पाहताना सलग मिळणारा आकडा धरावा. क्षणिक टॉर्क बहुधा त्याच्या तिप्पट असतो, आणि विक्रेता तोच पुढे करतो. ‘एक नंबर मोठी घेऊ’ हा सल्लाही तपासून घ्यावा. मोठ्या मोटरला मोठा ड्राइव्ह लागतो, आणि टूल अडकले की तिचा धक्का कपलिंग (मोटर व बॉलस्क्रू जोडणारा भाग) व बॉलस्क्रूला बसतो. फ्लँज (मोटर बसवायची पुढची चकती), शाफ्टचा व्यास आणि शाफ्टच्या खाचेतली चावी मोजून घ्यावीत.

आपला तीन फेज पुरवठा ४१५ व्होल्टचा, तर अनेक जपानी ड्राइव्ह २०० व्होल्ट वर्गाचे. मधला ट्रान्सफॉर्मर नव्या जोडीच्या भारालाही पुरतो का, ते पाहावे.

काम सुरू करण्याआधी कंट्रोलरमधले पॅरामीटर (यंत्राच्या सेटिंगचे आकडे) उतरवून ठेवावेत. उभ्या अक्षाच्या मोटरला ब्रेक असतो. ती सोडवण्याआधी हेडखाली लाकडाचा ठोकळा द्यावा, नाहीतर हेड स्वतःच्या वजनाने खाली येते. मोटर बदलली की अक्षाचा होम बिंदू (जिथून अंतर मोजले जाते ती जागा) हरवतो. तो नव्याने ठरवून, आधी कमी फीडवर (सरकण्याच्या कमी वेगावर), यंत्रात काम न लावता, प्रोग्राम चालवून पाहावा.