आरोग्यहक्क पैरवी, खानदेशातील

सरकारी व खासगी आरोग्यसेवा गरिबांनाही न्याय्य रीतीने मिळावी म्हणून न्यायालय, विधिमंडळ आणि प्रशासन यांच्याकडे लावून धरलेला पाठपुरावा. ‘पैरवी’ हा मूळचा फार्सी शब्द, अर्थ ‘मागोमाग जाणे’. मराठीत तो कोर्टकचेरीतून रुळला. खानदेशात या कामाचा भर नंदुरबार जिल्ह्यावर, त्यातही धडगाव (अक्राणी) व अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांवर आहे. 2011च्या जनगणनेनुसार नंदुरबारमध्ये आदिवासी लोकसंख्या सुमारे 69 टक्के होती.

उगमाविषयी एकमत नाही. काही जण तो 1972च्या सुमारास शहादा भागात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेपर्यंत नेतात. तेथील बायकांनी गुत्त्यांवर चालून जाऊन दारूची मडकी फोडली, हे आरोग्याचेच आंदोलन, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु त्या लढ्याचा गाभा जमीन व मजुरी हा होता. उपचार हा घटनादत्त हक्क म्हणून मागण्याची रीत नंतरची दिसते. संविधानातील कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते, पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या बळावर थेट दाद मागता येत नाही. पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात (1996) सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार कलम 21खाली, म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कात आणले आणि पैशाच्या टंचाईची सबब फेटाळली. खरा पाया येथे पडला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आरोग्य प्रशासनासाठी खानदेश नाशिककडे बघतो. उच्च न्यायालयाची वाट मात्र छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) खंडपीठाकडे जाते. धडगावच्या अर्जदाराला ही दोन्ही टोके लांबच.

‘लोकाधारित देखरेख’ 2007 मध्ये राज्यातील ज्या पाच जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नंदुरबार होता. गावकरी उपकेंद्राच्या सेवांना हिरवा, पिवळा वा लाल शेरा देतात. न सुटलेली गाऱ्हाणी जनसुनवाईत मांडली जातात. (मराठी ‘सुनावणी’ असताना हिंदी ‘सुनवाई’च टिकली, ती बहुधा राजस्थानातील 1994च्या जनसुनवायांमुळे.) मोफत मिळायला हवे होते ते औषध ‘बाहेरून आणा’ म्हणून दिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली, की अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष उत्तर द्यावे लागते.

खासगी रुग्णालयांसाठी केंद्राचा 2010चा वैद्यकीय आस्थापना (नोंदणी व नियमन) कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. 1949च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियमांत 2021 मध्ये रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक आले. पैरवीचा रोख आता ते दर्शनी भागात लावण्यावर असतो. 2012च्या जीवनदायी विमा योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होता. विम्याने भरती झाल्यानंतरचा खर्च भागतो. बाळंतिणीला पाड्यावरून बांबूच्या झोळीत डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याचा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

जळगावात चोपडा, यावल व रावेरच्या डोंगरपट्ट्यातील प्रश्न याच जातीचे आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यात 1989च्या सुमारास, जळगावात 2018 मध्ये व नंदुरबारात 2020 मध्ये सुरू झाले.