ऑनलाइन बुद्धिबळपटूच्या चुकांचे कारण शोधताना

टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक संगणकीय प्रणाली मांडली. एखाद्या खेळाडूचे ऑनलाइन खेळलेले केवळ १०० डाव तिला आधी दाखवले, तर पुढे नाव झाकून दिलेले डाव त्याचेच आहेत हे ती हजारो खेळाडूंमधून सुमारे ९८ टक्के अचूकतेने ओळखत असे. तिच्यापुढे खेळाडूचा चेहरा नव्हता, देश नव्हता, मानांकनही नव्हते. होत्या त्या फक्त चाली. याचा अर्थ असा, की आपण कोणत्या प्रसंगी घोडा पुढे काढतो, कोणत्या प्रसंगी वजिरांची मारामारी टाळतो आणि घाबरल्यावर कोणते प्यादे ढकलतो, याचे एक ठरलेले वळण आपल्या डावांत उतरलेले असते. हस्ताक्षर जसे लिहिणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही, तसेच हे वळणही खेळणाऱ्याला सहसा जाणवत नाही. आपली बलस्थाने आणि दुबळ्या जागा शोधू पाहणाऱ्या खेळाडूने सुरुवात इथूनच करायला हवी, असे मला वाटते.

त्यासाठी लागणारी सामग्री आज प्रत्येकाजवळ आहे. चेस डॉट कॉम हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ २००७ साली सुरू झाले आणि लीचेस २०१० साली. या दोन्ही ठिकाणी खेळलेला प्रत्येक डाव साठवला जातो आणि त्यात चालींबरोबर घड्याळही नोंदले जाते. बाराव्या चालीला आपण ४० सेकंद विचार केला आणि तेराव्या, म्हणजे डाव जिच्यामुळे गेला त्या चालीला दोनच सेकंद दिले, हे नंतर स्वच्छ वाचता येते. कागदावर डाव लिहिणाऱ्या पिढ्यांना चाली मिळत, पण त्या चालींमागचा वेळ क्वचितच मिळे. इतकी तपशीलवार नोंद हाताशी असूनही बहुतेक खेळाडू तिच्यातील एकच आकडा पाहतात आणि तो म्हणजे मानांकन.

मानांकनाची पद्धत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० साली आणि जागतिक महासंघाने १९७० साली स्वीकारली. तिचा गाभा संभाव्यतेचा आहे. दोन खेळाडूंच्या मानांकनात २०० गुणांचे अंतर असेल, तर वरच्या खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत असे हे सूत्र सांगते आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून वेगळा लागला, की दोघांचे आकडे सरकतात. मार्क ग्लिकमन यांनी पुढे यात अनिश्चिततेचे माप जोडले. म्हणून बरेच दिवस न खेळलेल्या खेळाडूचा आकडा परतल्यावर मोठ्या उड्या मारतो. पण या दोन्ही पद्धतींना फक्त निकाल कळतो. १५०० मानांकनाचे दोन खेळाडू घ्या. एकाला सुरुवातीच्या वीस चालींत कोणी हात लावू शकत नाही, पण हत्ती आणि प्याद्यांच्या साध्या अंत्यखेळात तो जिंकलेला डाव बरोबरीत सोडतो. दुसरा सुरुवातीलाच प्यादे गमावतो आणि मग चिवटपणे डाव सावरतो. आकडा एक, पण दोघांना लागणारे औषध वेगळे.

निकालापलीकडे जाणारे दुसरे माप म्हणजे डाव संपल्यावर इंजिन, म्हणजे चाली तपासणारी संगणकीय प्रणाली, दाखवते ती अचूकतेची टक्केवारी. प्रत्येक चालीने डावाचे मूल्य किती घसरले हे मोजून ती काढली जाते. हा आकडा पाहून खूश किंवा खिन्न होण्याआधी अ‍ॅश्टन अँडरसन, जॉन क्लाइनबर्ग आणि सेंधिल मुल्लइनाथन यांचे २०१६ सालचे काम लक्षात घ्यावे. पटावर फार तर सहा मोहरे उरलेल्या स्थितींमध्ये कोणती चाल बरोबर हे संगणकाने पूर्णपणे सोडवलेले आहे. अशा स्थितींत माणसे कधी घोडचूक करतात, हे त्यांनी प्रचंड संख्येने डाव तपासून पाहिले. घोडचूक होईल की नाही याचा सर्वांत चांगला अंदाज खेळाडूच्या मानांकनावरून आला नाही आणि घड्याळात उरलेल्या वेळेवरूनही आला नाही. तो आला स्थितीच्या अवघडपणावरून, म्हणजे उपलब्ध चालींपैकी किती चाली घातक आहेत यावरून. एवढेच नव्हे, तर काही स्थिती अशाही निघाल्या, की जिथे बलवान खेळाडूच अधिक वेळा चुकले. म्हणून झटपट मारामारी होऊन सपाट झालेल्या डावातील उंच टक्केवारी ही प्रगतीची खूण मानू नये आणि दोन्ही राजे उघड्यावर असलेल्या डावातील कमी टक्केवारीने निराश होऊ नये. चूक कुठल्या प्रकारच्या स्थितीत होते, हा प्रश्न त्या आकड्याहून अधिक उपयोगाचा आहे.

आता बलस्थानाकडे पाहू, कारण ऑनलाइन खेळाडूची मोठी शक्ती खरी आहे आणि तिला कमी लेखणे योग्य नाही. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी १९४६ सालच्या प्रबंधात दाखवले, की ग्रँडमास्टर सामान्य खेळाडूपेक्षा कितीतरी जास्त चाली पुढचे पाहतात ही समजूत बरोबर नाही. त्यांना चांगली चाल लवकर दिसते, हा मुख्य फरक आहे. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातील स्थिती खेळाडूंना पाच सेकंद दाखवून ती दुसऱ्या पटावर मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरे जागच्या जागी ठेवले, तर नवख्याला चार-पाचच जमले. मात्र तेच मोहरे पटावर कसेही विखुरले, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. थोडक्यात, निष्णाताची स्मरणशक्ती मुळात दांडगी नसते. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा घोडा यांना तो सुटे मोहरे म्हणून पाहत नाही. शब्दातील अक्षरांसारखा एकच आकार म्हणून पाहतो. असे हजारो आकार मनात साठवायला डाव पाहावे आणि खेळावे लागतात. संध्याकाळी घरी बसून परदेशातील अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी चार डाव खेळता येण्याची सोय होण्यापूर्वी, छोट्या गावातील मुलाला एवढे डाव मिळणेच अशक्य होते.

ब्रूस बर्न्स यांनी २००४ साली केलेल्या अभ्यासातून या शक्तीला आणखी दुजोरा मिळाला. विचाराला नेहमीच्या वेळेच्या पाच टक्क्यांहूनही कमी वेळ देणाऱ्या ब्लिट्झ डावांतील कामगिरीवरून, खेळाडूंच्या एकूण कौशल्यातील फरकाचा ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग उलगडला. म्हणजे कौशल्याचा मोठा वाटा झटकन ओळखण्यातच आहे. पण एवढ्यावर थांबून ब्लिट्झच खेळत राहावे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच्या एक वर्ष आधी ख्रिस्तोफर चॅब्रिस आणि इलियट हर्स्ट यांनी ग्रँडमास्टरांचे डाव संगणकाने तपासले होते. तेच खेळाडू जलद डावांत संथ डावांपेक्षा अधिक आणि मोठ्या चुका करतात, असे त्यांना आढळले. ओळख चाल सुचवते. ती चाल या विशिष्ट पटावर चालेल का, हे तपासायला वेळ लागतो. माझ्या मते ऑनलाइन खेळाडूची दुबळी जागा याच दुसऱ्या पायरीवर आहे. चाली सुचण्याची क्षमता हजारो डावांनी वाढत जाते, पण सुचलेली चाल तपासण्याची सवय तीन मिनिटांच्या डावांत जडतच नाही.

या तपासणीच्या आड येणारी एक गोष्ट मेरिम बिलालिच, पीटर मॅकलॉड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ साली फार सुंदर प्रयोगाने दाखवली. त्यांनी निष्णात खेळाडूंपुढे अशी स्थिती ठेवली, की जिच्यात सर्वांना पाठ असलेली एक मात होती: वजिराचा बळी देऊन राजाला त्याच्याच मोहऱ्यांत कोंडायचे आणि घोड्याने मात करायची. त्याच स्थितीत कमी चालींची, अपरिचित अशी दुसरी मातही होती. खेळाडूंना पहिली मात लगेच सापडली. याहून चांगले काही आहे का ते शोधा, असे सांगितल्यावर आपण शोधतो आहोत असे ते मनापासून म्हणाले; पण त्यांची नजर टिपणाऱ्या यंत्राने दाखवले, की डोळे पुन्हा पुन्हा पहिल्याच उत्तराशी संबंधित घरांवर जात होते. परिचित मात शक्य नसलेली, बाकी तशीच स्थिती दिली, तेव्हा त्याच दर्जाच्या खेळाडूंना छोटी मात सापडली. आपल्याला ठाऊक असलेली कल्पना दुसरी कल्पना दिसू देत नाही आणि हे घडते आहे याचा पत्ताही लागू देत नाही. जो खेळाडू रोज एकाच सुरुवातीने डाव मांडतो आणि एकाच पद्धतीने हल्ला चढवतो, त्याने हा प्रयोग स्वतःवर होतो आहे असे समजून चालावे.

दुसरी अडचण याला लागूनच आहे. मिशेल काउली आणि रूथ बर्न यांनी डब्लिनमधील अभ्यासात खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावले. निष्णात खेळाडू आपल्या चालीला सर्वांत घातक ठरेल असे उत्तर शोधत आणि ते सापडले तर चाल सोडून देत. कमी दर्जाचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडून आपल्याला सोयीचे तेच उत्तर येईल असे धरून चालत. आपण शह देणार, तो राजा कोपऱ्यात नेणार, मग आपण हत्ती घेणार, अशी साखळी मनात तयार होते. राजा कोपऱ्यात न जाता उंट मध्ये येऊन शह अडवू शकतो हे पाहायचे राहूनच जाते.

ऑनलाइन खेळाच्या काही अडचणी मात्र पटाबाहेरच्या आहेत. २०२० साली स्पर्धा घरांत गेल्या, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने अव्वल खेळाडूंचे घरून खेळलेले जलद डाव आणि त्याच खेळाडूंचे समोरासमोरचे जलद डाव ताडून पाहिले. घरून खेळताना चालींचा दर्जा उतरला होता आणि सरावाने ही घसरण कमी होत गेली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला झालेल्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. इंटरनेट खंडित झाल्यामुळे निहाल सरिन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची घड्याळातील वेळ संपली आणि ते डाव हरले. शेवटी जागतिक महासंघाने भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. अशा खंडावर खेळाडूचा ताबा नसतो. पण हरल्या क्षणी पुढचा डाव सुरू करणारे बटण दाबायचे की नाही, यावर असतो. रागाच्या भरात रात्री खेळलेले माझे स्वतःचे डाव मी दुसऱ्या दिवशी पाहिले, तेव्हा त्यांतील विचारांचा वेळ डावागणिक आखडत गेलेला दिसला. लागोपाठ दोन डाव हरल्यावर त्या दिवसापुरते थांबायचे, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

सुधारणेचा मार्ग या सर्व निरीक्षणांतून निघतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की डाव संपल्यावर इंजिन लगेच उघडू नये. वहीत किंवा फाइलमध्ये आधी स्वतःच्या शब्दांत लिहावे: डाव कुठे फिरला असे वाटते, त्या चालीला किती सेकंद दिले, दुसरी कोणती चाल मनात आली होती आणि ती का टाकली. इंजिन सांगते, की तेविसावी चाल चुकली आणि हत्ती मधल्या रांगेत न्यायला हवा होता. आपण तो का नेला नाही, हे त्याला माहीत नसते. कधी ती चाल दिसलीच नव्हती, कधी दिसून भीतीपोटी टाकली होती, तर कधी स्थितीचा अंदाजच उलटा बांधला होता. तिन्हींचा उपाय वेगळा आहे आणि इंजिनची हिरवी रेघ एकदा पाहिली, की खरे कारण आठवत नाही. हे तर दिसत होते, असेच मन सांगू लागते.

अशा तीसेक डावांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, की वळण दिसू लागते. चुका मुख्यतः दोन-तीन सेकंदांत खेळलेल्या चालींत असतील आणि घड्याळात वेळ शिल्लक असेल, तर कोडी सोडवून फारसे साधणार नाही. प्रत्येक चालीनंतर ठरावीक सेकंद वाढणारे १५ मिनिटांचे डाव खेळावेत आणि हात हलवण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत त्रासदायक उत्तर शोधावे. चाल दिसलीच नसेल, तर कोडी उपयोगी आहेत, पण एका अटीवर. कोडे समोर येते तेव्हा इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेले असते आणि खऱ्या डावात तशी सूचना कोणी देत नाही. म्हणून स्वतःच्या चुकलेल्या स्थितींत काहीही विशेष नसलेल्या साध्या स्थिती मिसळाव्यात आणि आठवड्याने, महिन्याने त्या पुन्हा सोडवाव्यात. अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे स्मृतीच्या संशोधनातील सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे.

एकट्याने केलेल्या अशा अभ्यासाचे मोल मोजलेही गेले आहे. नील चार्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या पाहणीत, खेळाडूच्या मानांकनाशी सर्वांत जवळचा संबंध एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांचा आढळला. मात्र त्यातून सर्वांना समान फळ मिळते असे मानू नये. फर्नांड गोबे आणि गिलेर्मो कॅम्पिटेली यांनी २००७ साली अर्जेंटिनातील खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा मास्टर दर्जा गाठायला एकाला सुमारे ३,००० तास लागले होते आणि दुसऱ्याला २३,००० हून अधिक. म्हणून दुसऱ्याच्या वेगाशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच वहीतील मागचे तीस डाव आणि पुढचे तीस डाव शेजारी ठेवावेत आणि घाईने खेळलेल्या घोडचुका कमी झाल्या का, एवढेच आधी मोजावे.