शंकूच्या टोकावरची हवा आणि मेरी जॅक्सन

वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला मेरी जॅक्सन यांचं नाव दिलेलं आहे. ‘नासाची पहिली कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर’ ही ओळख सगळीकडे छापून येते, पण बाईंनी नेमकं काय काम केलं, हे क्वचितच कुणी सांगतं.

त्यांचा जन्म 1921 चा, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनचा. गणित आणि भौतिक विज्ञानाची पदवी घेऊन त्या काही काळ शिक्षिका होत्या. 1951 मध्ये लँग्ली संशोधन केंद्रात (हे पुढे नासाचं झालं) लागल्या त्या हाताने आकडेमोड करणाऱ्या बायकांच्या विभागात. तिथेही कृष्णवर्णीय बायकांचा विभाग वेगळाच होता. दोन वर्षांनी काझिमियर्झ चार्नेकी या इंजिनिअरने त्यांना विंड टनेलवर घेतलं. चार बाय चार फुटांचा तो बोगदा 60,000 अश्वशक्तीवर चालायचा. आत मॉडेल घट्ट बसवायचं आणि त्यावर आवाजाच्या जवळपास दुप्पट वेगाने हवा सोडायची.

हे कशासाठी? पंखा बंद करून उदबत्तीचा धूर पाहा. आधी सरळ वर जातो आणि थोड्या उंचीवर एकदम विस्कटतो. विमानाच्या नाकाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचंही तसंच होतं. सुरुवातीला तो शांतपणे सरकतो, पुढे कुठेतरी घुसळण सुरू होते. एकदा घुसळण सुरू झाली की घर्षण वाढतं आणि पत्रा जास्त तापतो. म्हणून ही जागा नेमकी कुठे येते, ते विमानाचा आराखडा करणाऱ्याला कळावं लागतं. त्यासाठी बोगद्यात विमानाच्या नाकासारखा शंकू बसवून, टोकाचा कोन आणि हवेचा वेग बदलला की त्यावर ती जागा कशी सरकते, हे जॅक्सन आणि चार्नेकी यांनी तपासलं. काम किचकट, कारण बोगद्यातल्या हवेत स्वतःचीच खळबळ असते आणि तिच्यामुळेही घुसळण लवकर सुरू होऊ शकते. त्यांचा अहवाल 1958 मध्ये निघाला. त्याच वर्षी जॅक्सन इंजिनिअर झाल्या.

इंजिनिअर होण्यासाठी लागणारे वर्ग हॅम्प्टन हायस्कूलमध्ये भरत, आणि ती शाळा फक्त गोऱ्यांची होती. आपल्याच गावातल्या शाळेत बसायला त्यांना शहराकडून खास परवानगी काढावी लागली! सूत्रधार चार्नेकीच, इंजिनिअर व्हा, असं त्यांनीच सुचवलं होतं.

मला स्वतःला त्यांच्या नंतरच्या कामाचं जास्त अप्रूप वाटतं. 1970 च्या दशकात त्यांनी गावातल्या समाजकेंद्रात विज्ञान मंडळातल्या मुलांकडून छोटासा विंड टनेल बनवून घेतला आणि त्यावर प्रयोग करायला लावले. मुलांना विज्ञानाची गोडी लावायची तर असं काहीतरी करायलाच हवं, हे त्यांचं मत. नुसतं भाषण ठोकून हे साधत नाही, हे आपल्याकडच्या विज्ञान दिनाच्या पाहुण्यांनीही लक्षात घ्यावं.

इकडे नोकरीत वरची बढती मिळेना. तेव्हा 1979 मध्ये त्यांनी इंजिनिअरचं पद सोडलं आणि खालच्या दर्जाची, महिला कर्मचाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेतली. 1985 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांचं लक्ष बायकांची भरती आणि बढती यांवर होतं. कोणते जादा अभ्यासक्रम केले की गणितीच्या हुद्द्यावरून इंजिनिअरच्या हुद्द्यावर जाता येईल, हे त्या सहकारी बायकांना समजावून सांगत. ती वाट त्यांनी स्वतः, परवानगीचे अर्ज करत, पार केली होती.